मिक्सर उलटा करून पाहा

मराठी घरात एक डबा असतोच. बहुधा श्रीखंडाचा. झाकण पिवळं पडलेलं. आत स्क्रू, फ्यूजची तार, पडद्याच्या कड्या, कुकरची सेवानिवृत्त शिट्टी आणि ज्यांची कुलपं केव्हाच हरवली आहेत अशा किल्ल्या. "असू दे, कधीतरी लागेल," या एका वाक्यावर तो तगून असतो. दिवाळीच्या साफसफाईत त्याला दर वर्षी फाशी सुनावली जाते आणि दर वर्षी घरातले कर्ते पुरुष त्याचा दयेचा अर्ज मंजूर करतात. प्रत्यक्षात लागत त्यातलं काहीच नाही. जो स्क्रू हवा असतो तो सोडून बाकी सगळे स्क्रू त्यात असतात.

आमच्या घरच्या या डब्याला म्हातारपणी बरे दिवस आले. सुट्टीच्या दिवशी इमारतीतली पोरं आमच्या गॅलरीत जमतात, चटईवर जुना पेपर पसरतात आणि डबा त्यावर उपडा करतात. मग "काकू, हे काय आहे?" सुरू होतं. मी जन्मभर बँकेत आकडे जुळवले. विजेबद्दलचं माझं ज्ञान बिल भरण्यापुरतं. हे अज्ञान इथे फार उपयोगी पडतं. ज्याला उत्तर ठाऊक असतं तो पाचव्या मिनिटाला पोराच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतो आणि "असं नाही, असं" म्हणत स्वतःच खेळत बसतो. आमच्याकडे "मला काय माहीत, उघडून बघ" एवढ्यावर भागतं.

जुनी वस्तू न टाकता उघडून बघणं हे पर्यावरणाचंच काम. आणि पर्यावरण हा विषय मुलांना शाळेत असतो, नाही असं नाही. 1991 साली सर्वोच्च न्यायालयानेच तो शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलं. हेतू उत्तम होता. पण सक्ती म्हटली की वही आली, वही म्हटली की प्रकल्प आला आणि प्रकल्प म्हटला की बाबा आले. वृक्षतोडीवरचा जाडजूड प्रकल्प, कागदाच्या एकाच बाजूला छापलेला, प्लास्टिकच्या फायलीत घालून, रात्री अकराला कॉलनीतल्या झेरॉक्सवाल्याकडून आणताना मी बापांना पाहिलं आहे. वृक्षांनी पाहिलं असतं तर काय म्हणाले असते कोण जाणे.

त्याहून मजा 'टाकाऊतून टिकाऊ' प्रदर्शनाची. आदल्या दिवशी स्टेशनरीच्या दुकानात चला. आईस्क्रीमच्या काड्यांची पाकिटं टांगलेली असतात. लाल, हिरव्या, निळ्या. जन्मात आईस्क्रीमचं तोंड न पाहिलेल्या. शेजारी कोरे कागदी पेले, कोऱ्या स्ट्रॉ. हा टाकाऊ माल विकत घ्यायला रांग. समोरच्या बिऱ्हाडात तर एकदा मला आग्रहाने कोल्ड्रिंकचा दुसरा ग्लास भरून मिळाला. "घ्या हो काकू, संपवायचंय. उद्या हिला बाटलीचं रॉकेट न्यायचंय." मी पर्यावरणासाठी तेही प्यायले. रॉकेटला चंदेरी कागद, टिकल्या, फेव्हिकॉल, चमकी सगळं लागलं, बक्षीसही लागलं, आणि आठवड्याने ते कचऱ्यात गेलं. नुसती बाटली असती तर भंगारवाल्याने घेतली असती. टिकल्या डकवलेली तो घेत नाही. म्हणजे ज्या बाटलीला पुढे गती होती तिची सद्गती आपण सजवून अडवली.

यावर कुणीतरी म्हणणारच, की आपल्या आज्यांना हे सगळं न शिकवता येत होतं. जुन्या लुगड्याची गोधडी, गोधडीचं पायपुसणं, डालड्याच्या डब्यात तुळस. खरं आहे. पण मला यात फार गहिवरून येत नाही. तो निसर्गप्रेमाचा भाग कमी आणि नडीचा जास्त होता. ज्याच्या हातात चार पैसे आले त्याने सर्वांत आधी डालड्याचा डबा फेकला आणि कुंडी आणली. मात्र एक गोष्ट त्या नडीने दिली होती, ती चार पैशांबरोबर गेली: वस्तू आतून कशी असते ते माहीत असायचं. कल्हईवाला दारात भट्टी पेटवायचा, भांडं तापवून नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा आणि कथलाचा बोळा फिरला की काळं पितळ चांदीसारखं व्हायचं. भोवती पोरांचं कोंडाळं. ते शिक्षण आहे असं कुणाला वाटत नव्हतं, त्यामुळे त्याची परीक्षाही नव्हती.

हे कोंडाळं पुन्हा जमवणारा माणूस पुण्यालाच भेटला, हे आमचं भाग्य. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरचे इंजिनिअर; टेल्कोत नोकरी. 1978 साली वर्षभराची रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. खेड्यातल्या शाळांत प्रयोगशाळा कुठली? पण आठवडी बाजारात काडेपेटी मिळत होती आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी मिळत होती. काडीचं गुलाचं टोक खरवडून टाकायचं, नळीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे आणि दोन काड्या एका तुकड्यात दोन बाजूंनी खुपसायच्या. झाला सांधा. तीन काड्यांचा त्रिकोण करा, चारांचा चौकोन करा, आणि दोन्ही बोटांनी दाबून पाहा. चौकोन लगेच कलंडतो, त्रिकोण हलत नाही. एवढंच. पण एकदा हे बोटांना कळलं की पोरं रस्त्याने जाताना गणपतीच्या मांडवाचे तिरके बांबू, पत्र्याच्या शेडच्या कैच्या, विजेचे मनोरे यांच्याकडे बोट दाखवत सुटतात. "काकू, तो बघा त्रिकोण." चालणं मुश्कील.

पुढे 2003 ते 2014 अशी अकरा वर्षं गुप्तांनी पुण्यात 'आयुका' या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत खेळणी केली. तिच्या इमारतीचं नाव पुलस्त्य. सप्तर्षींतला एक तारा. आणि ती उभी राहिली पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून, हे कळलं की नावातला पहिला भाग मिश्किलपणे हसतो. तिथल्या खेळण्यांचा कच्चा माल म्हणजे फोटोच्या रोलच्या डब्या, फ्लॉपी, बॉलपेनच्या कांड्या, पेपर. गंमत अशी, की कचऱ्याच्याही पिढ्या बदलतात. रोलची डबी आता शोधून सापडत नाही, फ्लॉपी आजच्या पोरांना दाखवली तर "हे सेव्हचं चिन्ह खरं पण असतं?" म्हणतात. सायकलींचे व्हॉल्व्हसुद्धा बदलले. तेव्हा पुस्तकात लिहिलेला कचरा आणायला बाजारात जाऊ नये. घरात जो पडला असेल तोच घ्यावा.

आमच्या गॅलरीत सगळ्यांत चालते ती गुप्तांची मोटर. टॉर्चचा जाडा सेल, दोन सेफ्टी पिना, जुन्या ट्यूबचं कापलेलं रबर, एक लोहचुंबक आणि मोटर वाइंडिंगवाल्याकडून आणलेली हातभर तांब्याची तार. रबर सेलवर लांबीच्या दिशेने चढवायचं, त्यात दोन टोकांना दोन पिना उभ्या खोचायच्या, चुंबक मधे बसवायचा. तारेचे दहा-बारा वेढे घेऊन रिंगण करायचं आणि त्याची दोन टोकं पिनांच्या भोकांत अडकवायची. खरी मेख तारेच्या टोकांत आहे. तारेवर पातळ लाखेसारखं आवरण असतं, त्यातून वीज जात नाही. एका टोकाचं आवरण चारी बाजूंनी खरवडायचं. दुसऱ्याचं मात्र एक बाजू तशीच ठेवून.

दुसऱ्या मजल्यावरच्या पाचवीतल्या मुलीला हे पटेना. तिला कामं पुरी करायची सवय आहे. वहीत समास सुद्धा स्केचपेनने आखते. तिने दोन्ही टोकं लखलखीत केली. रिंगण एकदा थरथरलं आणि मधेच अडून बसलं. "सेल गेलाय," एका पप्पांनी जाता जाता निदान केलं. सेल गेला नव्हता. सतत वीज मिळाली की चुंबक रिंगणाला अर्धा फेरा ढकलतो आणि पुढच्या अर्ध्यात मागे ओढतो. ते बिचारं जाणार कुठे? अर्धा फेरा वीज बंद हवी, म्हणजे आलेल्या झोकात ते पुढे निघून जातं. तिने शेवटी नेलपॉलिश मागून आणलं, एका टोकाच्या एका बाजूला लावलं, फुंकून वाळवलं आणि बोटाने टिचकी दिली. रिंगण जे फिरायला लागलं, ते फिरतच राहिलं. तिने वर पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "मिक्सरमध्ये पण हेच असतं?"

झालं. पुढचा रविवार मिक्सरचा. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा मिक्सर चटणी वाटता वाटता बंद पडला होता आणि त्यांच्या सूनबाई मोबाइलवर नवा पसंत करत होत्या. मुलीने प्लग काढलेला आहे ना हे पाहिलं (हा आमच्याकडचा पहिला नियम), मिक्सर उलटा केला, आणि बुडाशी एक लाल बटण दिसलं. दाबलं. सरळ करून लावला. चालू. आजी चकित, सून थोडी नाराज. हे बटण बहुतेक मिक्सरला असतं. भार जास्त झाला की आतला स्विच मोटर जळू नये म्हणून स्वतः पडतो. थोडा वेळ थांबून बटण दाबलं की कामाला लागतो. आपण खोबरं कोंबणार, तो रागावणार, आणि आपण त्याला भंगारात काढणार. बुडाशी कोण पाहतो?

बटणाने भागत नाही तेव्हा दुरुस्तीवाला सांगतो, "कार्बन गेलेत." मुलं हादरली. शाळेत कार्बन वाईट म्हणून शिकवलेलं. इथे कार्बन गेला म्हणून मिक्सर बंद! त्याने हसत दोन काळ्या कांड्या तळहातावर ठेवल्या, मागे बारीक स्प्रिंगा. फिरणाऱ्या भागाला घासत वीज पोचवायची हे त्यांचं काम. घासून घासून त्या आखूड होतात आणि एक दिवस टेकेनाशा होतात. नव्या जोडीला किरकोळ पैसे पडतात. पाचवीतल्या मुलीने कांडी निरखून निर्णय दिला, "म्हणजे नेलपॉलिशचं काम हे करतं." अगदी तसंच नाही, पण दुरुस्तीवाल्याने मान डोलावली, आणि मी कोण नाही म्हणणार?

माझं म्हणणं इतकंच आहे. एखाद्या वस्तूच्या पोटात काय आहे हे एकदा पाहिलेलं पोर ती सहजासहजी फेकत नाही. "नवा कधी आणायचा?" या जागी "बिघडलंय काय?" असं तोंडातून येतं. 'वसुंधरा वाचवा' असं शंभरदा लिहून हा बदल होत नाही. भिंतीवर लावायला फक्त एक तक्ता तयार होतो.

पोटापाण्याच्या गोष्टीतही हे चालतं. 2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली, आणि घरोघरी माळ्यावर गणपतीची जुनी मखरं अडकून पडली. वापरायची लाज, टाकायची भीती. मुलांनी एका मखराचे खांब कापून खोका केला. आत जुनी गोधडी. भाताला उकळी आणायची, पाच-सात मिनिटं शिजू द्यायचा, गॅस बंद, घट्ट झाकणाचं पातेलं गोधडीत गुंडाळून खोक्यात. (तापलेलं पातेलं थर्माकोलला टेकू द्यायचं नाही, तो वितळतो, हे आधी एका खांबावर करून पाहण्यात आलं.) तासाभराने उघडलं तर भात मोकळा शिजलेला. समस्त आयांचा पवित्रा "शिट्टीशिवाय भात होतो का कुठे?" असा होता. त्यांनी शीत दाबून पाहिलं, पुन्हा दुसरं शीत दाबून पाहिलं, आणि मग "मीठ कमी आहे" म्हणाल्या. म्हणजे मान्य.

खेळण्यातून पुढे कामापर्यंत जायचं असेल तर पाबळला जावं. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं हे अवर्षणग्रस्त गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानाची डॉक्टरेट मिळवून आलेले, हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन केलेले. 1983 साली त्यांनी तिथे विज्ञान आश्रम काढला. शाळा सोडलेल्या मुलांना हाताने काम करता करता विज्ञान शिकवायचं. पुढे त्यातून शाळांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञान' हा विषय तयार झाला. चार भाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. मुलं वेल्डिंग करतात, माती तपासतात, कोंबड्यांचं खाद्य मोजतात. मला त्यातली सर्वांत आवडलेली गोष्ट अशी, की केलेलं काम गावाला लागणारं असावं आणि त्याचा हिशेब ठेवावा. स्टूल केलं तर त्यावर कुणीतरी बसणार आहे, तेव्हा ते डुगडुगून चालणार नाही. प्रदर्शनातल्या रॉकेटवर ही जबाबदारी नसते.

तसा हा विचार आपल्या मातीतला. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, ती हातच्या उद्योगातूनच सगळे विषय शिकवण्याची. कोठारी आयोगाने 1966 साली पुन्हा कार्यानुभवाची शिफारस केली. आमच्या पिढीला कार्यानुभवाचा तास वेळापत्रकात होता. त्या तासाला गणिताच्या बाई यायच्या.

आता शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहेत. निवड झालेल्या शाळेला सरकार वीस लाखांपर्यंत अनुदान देतं, थ्री-डी प्रिंटर येतो, सेन्सर येतात. चांगल्या चालणाऱ्या लॅबमध्ये मुलं झकास कामं करतात. पण मी पाहिलेल्या एका शाळेत प्रिंटरला शिवून घेतलेलं कव्हर होतं आणि कव्हरवर हळदीकुंकवाचे ठसे होते. खंडेनवमीला पूजा झालेली. आपलं हे असं. वर्षातून एकदा पक्कड, हातोडा, शिवणयंत्र सगळं पुसून मांडतो, झेंडूचं फूल वाहतो, नमस्कार करतो. आणि उरलेलं वर्ष पोराने त्याच पकडीला हात लावला की "ठेव ते, लागेल!"

लागतं, हेही खोटं नाही. गॅलरीच्या खर्चाच्या बाजूला चिरलेली बोटं, पावडर लावूनही न गेलेले ग्रीसचे डाग आणि एक कायमचा मुका झालेला अलार्म आहे. म्हणून नियम आहेत. भिंतीत प्लग जातो ते मुलांनी उघडायचं नाही, मोठ्यांनी उघडलेलं पाहायचं. फुगलेल्या मोबाइलच्या बॅटरीला कुणीच हात लावायचा नाही. ती पेट घेऊ शकते, तिला टोचणं तर दूरच. सेलवर चालणारं काहीही मुलांचं.

शिवाय हल्लीच्या वस्तू उघडतच नाहीत. पूर्वी चार स्क्रू दिसायचे, आता डिंकाने चिकटवलेलं असतं, किंवा स्क्रूला तीन पाकळ्या नाहीतर पाच टोकांची चांदणी असते. ते कंपनीच्या हत्याराशिवाय उघडू नयेत अशीच त्यात इच्छा दिसते. एलईडी बल्ब घ्या. गेलेल्या बल्बचं पांढरं टोपण काढलं की आत पिवळ्या टिकल्यांची रांग दिसते, आणि बहुतेकदा त्यातल्या एकीवर काळा ठिपका. सगळ्या एकामागे एक जोडलेल्या, एक गेली की रांग गेली. जुन्या दिवाळीच्या माळेचंच दुखणं. बाकीच्या धडधाकट. चौकाचौकात बसणारे दुरुस्तीवाले याच ठिपक्यावर पोट भरतात. मुलं फक्त ठिपका शोधतात आणि त्यांना तेवढंही पुरतं. "एवढ्यासाठी सगळा फेकायचा?" हा प्रश्न मी शिकवलेला नाही.

याने पृथ्वी वाचेल का? एक मिक्सर, दोन टॉर्च आणि खोकाभर भात एवढ्यावर पृथ्वीने विसंबू नये. त्याच इमारतीत रोज दारोदार पुठ्ठ्याचे खोके येतात. त्यातला एखादा मीही मागवलेला असतो. आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर चटईवर एक-दोन स्क्रू उरतातच. वस्तू चालू असते, स्क्रू कुठला ते कळत नाही, तो श्रीखंडाच्या डब्यात जातो. डबा त्यामुळे वाढतोच आहे. गॅलरीत अडगळ ठेवू नये अशी सोसायटीची नोटीस मला आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी स्वतः रिमोट घेऊन आले. आतले संपर्क खोडरबराने घासून दिले. नोटीस अजून लागू आहे.

परवा चौथ्या मजल्यावरचा मुलगा वाढदिवसाची भेट घ्यायला बाबांबरोबर खेळण्यांच्या दुकानात गेला. रिमोटची गाडी हातात घेतली, उलटी केली, आणि दुकानदाराला विचारलं, "काका, हिचे स्क्रू कुठे आहेत?" "ही उघडायची नसते बाळा, खेळायची असते," दुकानदार म्हणाला. पोराने गाडी शांतपणे परत ठेवली. बाबा तणतणत माझ्याकडे. "काकू, आता याला द्यायचं तरी काय?" मी जुन्या बाजाराचं नाव घेतलं. रविवारी बापलेक गेले आणि एक बंद पडलेला टेपरेकॉर्डर घासाघीस करून घेऊन आले. आत एक मोटर, रबरी पट्टे, दातेरी चाकं आणि स्पीकरचा चांगला दणकट चुंबक निघाला आहे. दिवाळीपर्यंत चिंता नाही. फक्त तो सगळा पसारा जेवणाच्या टेबलावर आहे, आणि त्याची आई लिफ्टमध्ये भेटली की माझ्याकडे न बघता मजल्यांचे आकडे मोजत उभी राहते.